ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा: हिशेब आठवड्याचा मांडा

नाशिकमध्ये कुणाला सांगितलं की मी वर्षभर ऑस्ट्रेलियात राहून आले, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग पीआर मिळालं का?" पीआर म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी. ती नाही मिळाली, आणि हा व्हिसा त्यासाठी नाहीच. एक वर्ष तिथं फिरा, खर्चापुरतं काम करा, वाटलं तर चार महिन्यांपर्यंत एखादा कोर्स करा आणि परत या, एवढाच त्याचा अर्थ. हे पटत असेल तर पुढचं वाचा. नसेल तर तुमचा रस्ता वेगळा, त्यात मी तुमच्या काही कामाची नाही.

व्हिसाचं सरकारी नाव सबक्लास ४६२. दोन देशांच्या व्यापार करारातून तो भारतीयांना १ ऑक्टोबर २०२४ पासून खुला झाला. वर्षाला जागा १,०००. अर्ज करताना वय १८ ते ३० च्या आत हवं, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण हवं, आणि मुलंबाळं सोबत नेता येत नाहीत. जागा कमी, इच्छुक भरपूर, म्हणून आधी सोडत निघते. नोंदणी ऑनलाइन होते, पासपोर्ट आणि पॅनकार्ड लागतं, फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. ही सोडत म्हाडाच्या सोडतीसारखीच समजा: नशीब लागलं तर लागलं. कॉलेज रोडवरच्या एका एजंटाने माझ्या मैत्रिणीकडे "नंबर लावून देतो" म्हणत लाखभर रुपये मागितले होते. नंबर लावणं कुणाच्याच हातात नसतं. पैसे घेऊन तो फक्त वाट बघणार, आणि लागला नंबर तर श्रेय त्याचं.

नाव निघालं की खरा अर्ज भरायला २८ दिवस मिळतात. कागद तेव्हा जमवायला बसलात तर धावपळ होते, म्हणून पासपोर्ट, मार्कशीटा, डिग्री आणि इंग्रजीचा पुरावा आधीच तयार ठेवा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत सरासरी ४.५ बँड, म्हणजे गुण, पुरतात. सात बँडच्या मागे लागून क्लासवर पैसे घालवू नका, तो आकडा वेगळ्या व्हिसांसाठी लागतो. बायोमेट्रिक्ससाठी, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला, मुंबईला एक फेरी होते. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली की संध्याकाळी घरी. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढून घ्या. पेठ रोडला एक चक्कर पडेल, पण तिकडे गाडी चालवता येणाऱ्याला शेतावर काम लवकर मिळतं. तिथंही वाहनं डावीकडूनच चालतात.

आता पैशांकडे येते, कारण बहुतेकांचं गणित इथंच बिघडतं.

व्हिसाची फी २०२५-२६ साठी ६७० डॉलर ठरली होती. डॉलरचा रुपयातला दर अर्जाच्या वेळचा धरा. शिवाय हाताशी सुमारे ५,००० डॉलर आणि परतीच्या तिकिटाचे पैसे आहेत, हे दाखवावं लागतं. हे पैसे काकांकडून चार दिवसांसाठी खात्यात फिरवून घेणारे मला ठाऊक आहेत. दाखवायला जमेल, पण ही रक्कम दाखवण्यासाठी नसून खर्चासाठी आहे. पोचल्यापासून पहिला पगार खात्यात पडेपर्यंत चार ते सहा आठवडे सहज जातात, आणि त्या काळात भाडं, डिपॉझिट, सिमकार्ड, प्रवास, कामाचे बूट असं सगळं एकदम समोर येतं. माझ्या मते पाच हजारांतले साडेतीन हजार या पहिल्या टप्प्यासाठी धरा आणि उरलेले घरी परतायच्या तिकिटासाठी वेगळे काढा. आरोग्य विमाही इथूनच घ्या. भारताशी त्यांचा वैद्यकीय सेवेचा करार नाही, त्यामुळे मेडिकेअर ही तिथली सरकारी आरोग्य योजना आपल्याला लागू होत नाही आणि दवाखान्याचं बिल पूर्ण आपल्या माथी येतं.

आपल्याकडे नोकरदार महिन्याचा हिशेब ठेवतो आणि शेतकरी हंगामाचा. तिथं सगळं आठवड्यावर चालतं. भाडं आठवड्याचं, पगार बहुधा आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा. म्हणून वहीत पान आठवड्याचं आखा आणि आकडे डॉलरमध्येच लिहा. दर वेळी रुपयात बदलत बसलात तर चार डॉलरची कॉफी जिवावर येते आणि दोनशे डॉलरचं भाडं बघून झोप उडते. कमाई डॉलरची असेल तर खर्चही डॉलरनेच मोजा.

शेतातल्या एका आठवड्याचं पान बघा. कॅज्युअल, म्हणजे पक्की नोकरी नसलेल्या कामाचा ताशी दर साधारण तीस डॉलर बसतो. देशाचं किमान वेतन जुलै २०२५ मध्ये ताशी २४.९५ डॉलर झालं आणि कॅज्युअलला त्यावर पंचवीस टक्के जास्त मिळतात, पण अगदी नवख्याची पातळी थोडी खाली असते. आठवड्याला तीस तास मिळाले तर ९०० डॉलर. या व्हिसावरच्या कामगाराला ४५,००० डॉलरपर्यंतच्या कमाईवर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर आहे, म्हणजे १३५ गेले, उरले ७६५. त्यातून कामगार हॉस्टेलच्या खाटेचे सुमारे दोनशे, शेतापर्यंत नेणाऱ्या गाडीचे पन्नास, जेवणाचे ऐंशी-नव्वद, फोन आणि धुलाईचे वीस-पंचवीस. हातात चारशेच्या आसपास. ऐकायला छान वाटतं. पण पाऊस पडला की तोडणी बंद, आणि त्या आठवड्याचा पगार शून्य असला तरी भाडं चुकत नाही. म्हणून चार चांगल्या आठवड्यांमागे एक कोरा आठवडा धरूनच बजेट करा.

उतरल्यावर पहिल्या काही दिवसांत टॅक्स फाइल नंबर, म्हणजे आपल्या पॅनसारखा कराचा नंबर, काढा. तो ऑनलाइन आणि मोफत मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. नंबर टपालाने येतो, म्हणून टपाल मिळेल असा पत्ता हवा. नंबर हातात नसतानाही काम सुरू करता येतं, पण अठ्ठावीस दिवसांत मालकाला दिला नाही तर कर सर्वोच्च दराने कापला जातो. मालकाने कर खात्याकडे वर्किंग हॉलिडे कामगारांसाठी, म्हणजे आपल्यासारख्यांसाठी, नोंद केलेली आहे का, तेही विचारून घ्या. नोंद नसेल तर पंधराऐवजी तीस टक्के कापतात. विचारायला संकोच करू नका, तिथं असं विचारलं तर कुणी उद्धट म्हणत नाही.

काम कुठं शोधायचं? मी ओझरची, द्राक्षाच्या घरातली. गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत टेस्टिंग रूममध्ये दोन हंगाम काम केलेलं. घरात निघायची बोलणी झाली तेव्हा बाबा म्हणाले, "एवढं शिकून तिकडं जाऊन पण द्राक्षंच तोडणार का गं?" हो, तोडली. व्हिक्टोरियात मरे नदीच्या काठी मिल्डुरा आणि रॉबिनवेल ही खाण्याच्या द्राक्षांची गावं आहेत. गंमत अशी की तिथली तोडणीही जानेवारी ते एप्रिल, आपल्यासारखीच. आपण ऑक्टोबरात छाटणी करून थंडीत माल तयार करतो, त्यांचा भर उन्हाळा असतो. पारा चाळिशीपार जातो, म्हणून काम उजाडताच सुरू होतं. थॉमसन आणि क्रिमसनचे वेल बघून घरी आल्यासारखं वाटलं.

इथं द्राक्षातल्या घरच्या माणसाला खरा फायदा होतो. घड दांड्याला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, नाहीतर वरचा पांढुरका थर पुसला जातो आणि माल दुसऱ्या दर्जात जातो. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. सोबतच्या ब्रिटिश मुलींना पहिला आठवडा त्यातच गेला. सडका मणी कात्रीच्या टोकाने काढायचा, घड उलटा करून आत बघायचं, पेटीत दांडे वर ठेवायचे. नाशिक, निफाड, दिंडोरीकडच्या मुलांनो, बायोडाटात हे लिहा. "फार्म एक्सपिरियन्स" एवढंच न लिहिता विरळणी, छाटणी, पॅकहाऊस असं एकेक काम लिहा.

पेटीवर मजुरी ठरवत असतील तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: २८ एप्रिल २०२२ पासून शेतीकामात पेटीचा दर कितीही असला तरी तासाच्या किमान मजुरीपेक्षा कमी देता येत नाही. एका ठेकेदाराने आमच्यातल्या काहींना रोख पैसे आणि पगाराची चिठ्ठी नाही, असा सौदा सांगितला होता. मी नाही म्हटलं. रोखीत पाचपन्नास डॉलर जास्त दिसतात, पण दुसऱ्या वर्षाचा व्हिसा चिठ्ठ्यांवरच मिळतो. तक्रार असेल तर फेअर वर्क ऑम्बड्समन हे सरकारी कार्यालय आहे. दुभाष्या मिळतो.

दुसऱ्या वर्षाबद्दल हॉस्टेलवर सगळ्यांत जास्त चुकीची माहिती फिरते. ठरावीक भागांत ठरावीक प्रकारचं काम तीन महिने केलं तर दुसऱ्या वर्षाचा अर्ज करता येतो, आणि दुसऱ्या वर्षी असंच सहा महिने केलं तर तिसऱ्याचा. पण हॉस्टेलवर भेटणारे फ्रेंच, जर्मन पोरं सबक्लास ४१७ या दुसऱ्या व्हिसावर असतात. त्यांच्या कामांची आणि पिनकोडांची यादी वेगळी, आपली वेगळी. "माझं इथं धरलं गेलं" असं कुणी सांगितलं म्हणून सही करू नका. गृह खात्याच्या संकेतस्थळावर ४६२ ची यादी उघडा, शेताचा पिनकोड टाकून बघा, मगच जा. मालकाकडून फॉर्म १४६४, म्हणजे काम केल्याचा दाखला, काम संपतानाच भरून घ्या. हंगाम संपल्यावर तो माणूस फोन उचलेलच असं नाही.

एकाच मालकाकडे सहसा सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. तसंही वर्षभर एका जागी बसायचं असेल तर तिकडं जायचं कशाला? मे महिन्यात पोचणार असाल तर दक्षिणेला थंडी पडते, छाटणीशिवाय फारसं काम नसतं. सरळ उत्तरेला क्वीन्सलंडमधल्या बोवेनला जा, तिथं हिवाळ्यात टोमॅटो-ढोबळीचा हंगाम असतो. सप्टेंबरनंतर नॉर्दर्न टेरिटरीतल्या कॅथरीन आणि डार्विनकडे आंबा. हॉटेल-बारचं काम हवं असेल तर दारू वाढण्यासाठी आरएसए प्रमाणपत्र लागतं, आणि एका राज्याचं दुसऱ्यात चालेलच असं नाही, म्हणून राज्य ठरवून मगच कोर्स करा.

सामानात आईने भरलेले पेढे आणि खव्याचे पदार्थ काढून ठेवा. बाकी चिवडा, मसाले, पापड, जे काही असेल ते विमानात मिळणाऱ्या कार्डावर लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर हजारो डॉलरचा दंड आहे.

निघताना एक काम बहुतेकांचं राहून जातं. मालक तुमच्या पगाराशिवाय १२ टक्के रक्कम निवृत्तीच्या खात्यात भरत असतो, तिला सुपर म्हणतात. व्हिसा संपल्यावर आणि देश सोडल्यावर ती मागता येते, पण या व्हिसावाल्यांना त्यावर ६५ टक्के कर आहे. हजार डॉलर जमले असतील तर साडेतीनशे मिळतात. म्हणून बजेटमध्ये सुपर धरूच नका. पण सोडूही नका: प्रत्येक मालकाने कोणत्या फंडात पैसे भरले ते लिहून ठेवा, फंडाला भारतातला ईमेल द्या, आणि ऑस्ट्रेलियन बँक खातं पैसे येईपर्यंत बंद करू नका.