औटघटकेच्या प्रजासत्ताकांचे झेंडे शिवताय? या चुका टाळा

शाळांच्या प्रदर्शनांसाठी जुने झेंडे मी बरीच वर्षं शिवून देतोय. नागपूरच्या गांधीबाग बाजारातून कापड आणणं सोपं. डोकं खातात त्या चुका, आणि दरवर्षी त्याच.

माझी सगळ्यांत नावडती चूक म्हणजे आडव्या पट्ट्यांचा झेंडा उभा करणं. उत्तर इटलीतलं सिस्पाडेन प्रजासत्ताक वर्षभरही धड टिकलं नाही. ७ जानेवारी १७९७ ला रेज्जोत त्यांचा झेंडा ठरला: वर लाल, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि मधोमध चार बाणांचा भाता. बाण चार, कारण शहरं चार: बोलोन्या, फेरारा, मोदेना, रेज्जो. एका शाळेत हा झेंडा मी स्वतः टांगून आलो. सकाळी जाऊन बघतो तर पट्टे उभे, हिरवा काठीकडे आणि भाता आडवा झोपलेला! आठवीतला पोरगा म्हणतो, "सर, इटलीचा झेंडा चुकीचा लागला होता नं, मी सरळ केला." मोबाइलवर दोन सेकंद बघून! पाहुणे दारात, शिडी चौकीदाराकडे आणि चौकीदार चहाला. तेव्हापासून प्रत्येक झेंड्याच्या मागे, वरच्या कडेला मी शिंप्याच्या खडूने 'वर' आणि साल लिहितो. साल माहीत नसेल त्याने कैचीला हातच लावू नये.

पॅरिस कम्यूनच्या लाल झेंड्यावर विळा-हातोडा नको. कम्यून म्हणजे पॅरिसच्या बंडखोरांचं औटघटकेचं सरकार, ते १८७१ चं; ते चिन्ह रशियन क्रांतीनंतरचं.

कॅलिफोर्नियाचं अस्वल हल्लीच्या झेंड्यावरून छापू नका. तो १९११ चा. मेक्सिकोविरुद्ध उठाव करून प्रजासत्ताक जाहीर झालं तेव्हा, जून १८४६ मध्ये, तिथल्या सोनोमा गावात फडकलेला झेंडा घाईत रंगवलेला. त्यावरचं अस्वल बघणाऱ्यांना डुक्कर वाटलं होतं म्हणे. पंचवीस दिवसांत प्रजासत्ताक आटोपलं, मूळ झेंडा १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आगीत जळाला. अस्वल हातानेच काढा, बिघडलं तर उत्तम.

सॅटिन टाळा. चमकतं, पण शिवताना सरकतं.

आणि आपल्या नागपूरचं. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाचा देखावा करताना पोरं हमखास केशरी कापड घेऊन येतात. ते प्रजासत्ताक नव्हे, पण चूक तीच: नंतरचा झेंडा आधीच्या सालाला लावणं. तेव्हाचा झेंडा वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला चरखा. केशरी आलं १९३१ ला. आणलंच असेल तर ते कापड त्या झेंड्यासाठी ठेवा.