ऑफिसात दिवसभर तोच रेडिओ, तीच गाणी : या चुका टाळा

सॉफ्ट रॉक हा संगीताचा तसा निरुपद्रवी प्रकार. मवाळ गिटार, पियानो, विरहाने हळवा झालेला गायक आणि शेवटी धृपद घोळवत घोळवत विरत जाणारा आवाज. कुणाला खटकू नये म्हणूनच तर कामाच्या ठिकाणी अशी स्टेशनं लावतात. पण त्यामुळेच त्याचा त्रास सांगायची चोरी होते. कर्कश मेटल लावलं असतं तर पहिल्याच दिवशी कुणीतरी उठून बंद केलं असतं. हे मात्र महिनोन्महिने चालू राहतं. ज्याचे कान किटलेत तो गप्प बसतो, कारण "एवढं काय त्यात?" असं कुणी विचारलं तर काय सांगायचं हे त्याला सुचत नाही.

सांगण्यासारखं बरंच आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे गोंगाटावरचे प्रयोग १९७२ साली पुस्तकरूपाने आले. त्यांनी लोकांना काम करताना मध्येच मोठे आवाज ऐकवले. काहींच्या हाताशी एक बटण ठेवलं होतं. आवाज बंद करायचा तर ते दाबा, पण शक्यतो दाबू नका, असं त्यांना सांगितलं. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरीही नंतर दिलेल्या कामात बटणवाल्यांच्या चुका कमी झाल्या आणि न सुटणाऱ्या कोड्यांशी ते जास्त वेळ झुंजत राहिले. आवाज सगळ्यांनी सारखाच ऐकला होता.

ऑफिसातल्या रेडिओचंही तेच आहे. गाण्यापेक्षा आपल्या हातात बटण नसणं जास्त छळतं. हे लक्षात न घेता केलेले उपाय बहुधा फसतात.

चूक : गाण्यांच्या दर्जावर वाद घालणं

"ही रडकी गाणी बंद करा" असं म्हटलं की रेडिओ लावणाऱ्याला "तुझी आवड भिकार आहे" असं ऐकू येतं. मग तो आवडीची बाजू मांडतो, तुम्ही नावडीची, आणि रेडिओ चालूच. आवडीनिवडीचा वाद आजवर कुणी जिंकलेला नाही.

तक्रार कामाची करा. "आकडे तपासताना कानावर गाण्याचे शब्द पडले की माझी चूक होते" हे वाक्य कुणाला लागत नाही आणि ते खरंही आहे. स्मरणशक्तीचे अभ्यासक अ‍ॅलन बॅडली आणि त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली दाखवलं, की आकड्यांची मालिका लक्षात ठेवताना नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा गायलेलं गाणं जास्त अडथळा आणतं. शब्द परक्या भाषेतले असले तरी सुटका नाही. न समजणारं बोलणंही अशा कामात व्यत्यय आणतं, हे त्याआधीच्या प्रयोगांतून दिसलं होतं. त्यामुळे "इंग्रजी गाण्यांकडे कोण लक्ष देतंय" हा युक्तिवाद टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. नवा माणूस रुजू झाला की म्हणतो, "छान आहे की, कामात उत्साह येतो." त्याच्यावर चिडू नका. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली मांडलं. डॅनियल बर्लाइन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी त्याची पुढची बाजू दाखवली : ही आवड एका मर्यादेपर्यंत चढते आणि मग उतरते. नवा माणूस अजून चढावर आहे. तुम्ही केव्हाच पलीकडे उतरला आहात.

चूक : "उद्या तरी वेगळं लागेल" या आशेवर राहणं

लागणार नाही. स्टेशनकडे गाणी हजारोंनी असतील असा आपला समज असतो, पण अशा स्टेशनची फिरती यादी साधारण काहीशे गाण्यांचीच असते. ती ठरवण्यासाठी श्रोत्यांना प्रत्येक गाण्याचा काही सेकंदांचा, ओळखीचा तुकडा ऐकवतात आणि मत विचारतात. ज्याचा कुणालाच तिटकारा नाही ते राहतं, ज्याने थोड्यांच्या का होईना कपाळाला आठ्या पडतात ते गळतं. चाळणी अशी असल्यावर उरणारं सगळं एकाच चवीचं असतं, यात नवल नाही.

मग ही यादी सॉफ्टवेअरला देतात. रेडिओ कम्प्युटिंग सर्व्हिसेस या १९७९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचं 'सिलेक्टर' हे त्यातलं सर्वांत नावाजलेलं. गाण्यांचे गट पाडलेले असतात आणि तासाच्या कुठल्या मिनिटाला कोणत्या गटातलं गाणं लावायचं हे आधीच ठरलेलं असतं. हिशेब सोपा आहे. एखाद्या गटात २० गाणी असतील आणि तासाला त्यातली ३ लागत असतील, तर प्रत्येक गाणं पावणेसात तासांच्या आतच परत येणार. म्हणजे आठ तासांच्या पाळीत त्या गटातलं एकही गाणं चुकत नाही आणि काही दोनदा भेटतात. शिवाय कालच्या वेळेलाच आज तेच गाणं लागू नये असाही नियम घातलेला असतो. त्यामुळे ते अंदाज घेऊन चुकवताही येत नाही. काही स्टेशनं "नऊ ते पाच एकही गाणं पुन्हा नाही" अशी जाहिरात करतात. ती खरीही असते, फक्त उद्याचा दिवस त्यात धरलेला नसतो.

ही आखणी पंधरा-वीस मिनिटं गाडीत रेडिओ ऐकून उतरणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. त्याला ओळखीचं गाणं लगेच मिळायला हवं. दिवसभर ऐकणारे आपण त्या हिशेबात फुकट भरडले जातो. म्हणून तीन-चार दिवस एक साधी यादी करा : गाणं आणि वेळ. शेरे मारू नका. "मला कंटाळा आला" यापेक्षा "हे गाणं सोमवारी दोनदा, मंगळवारी एकदा, बुधवारी पुन्हा दोनदा" हे कागदावर दिसलं की रेडिओचा चाहताही हसतो. चर्चा तिथून सुरू करणं बरंच सोपं जातं.

चूक : सगळी भिस्त हेडफोनवर

पहिल्या पगारात लोक महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतात आणि मग गायकाचा आवाज आणखी स्पष्ट ऐकू येतो म्हणून हिरमुसतात. ते तंत्रज्ञान एसीची घरघर, पंखा, इंजिन अशा खालच्या पट्टीतल्या एकसुरी आवाजांवर चांगलं चालतं. माणसाचा आवाज आणि गिटारची तार त्यातून बऱ्यापैकी निसटतात. वर घरघर गेल्यामुळे खोलीत गाणं तेवढं उरतं.

मग ते झाकायला आपण आपलं संगीत मोठं करतो. इथे सावध राहा. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत चालतो, पण त्यापुढे दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते : ८८ ला चार तास, ९१ ला दोन. रेडिओपासून वाचायला स्वतःचे कान खर्ची घालायचं कारण नाही. त्यापेक्षा कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे इअरफोन घ्या आणि त्यावर पावसाचा किंवा धबधब्यासारखा सलग आवाज अगदी बारीक ठेवा. गाणं पूर्ण जात नाही, पण शब्द पुसट होतात आणि खरा व्यत्यय त्यांचाच असतो. जिथे यंत्रं, गाड्या फिरतात किंवा हाका मारल्या जातात, तिथे मात्र कान बंद करणं हा उपायच नाही.

हेडफोनचा आणखी एक तोटा कुणी सांगत नाही. तुम्ही ते घातले की रेडिओवाल्याला वाटतं, प्रश्न मिटला.

चूक : रेडिओ कुठे ठेवलाय हे न बघणं

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंतींमुळे तेवढा उतरत नाही, तरी फरक पडतोच. रेडिओ एका टोकाला आणि त्याचा चाहता दुसऱ्या टोकाला असेल, तर त्याला ऐकू जावं म्हणून मधल्या सगळ्यांना तो सोसावा लागतो. रेडिओ त्याच्या टेबलाजवळ नेला की आपोआप बारीक होतो. कोपऱ्यातून बाहेर काढा, कारण कोपऱ्यात खर्ज फुगतो. पत्र्याच्या कपाटावर असेल तर खाली जाड कापडाची घडी घाला. आवाजाच्या बटणावर ठरलेल्या जागी चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे "कुणी वाढवला?" हा रोजचा प्रश्न संपतो.

चूक : गुपचूप उद्योग

प्लग काढून ठेवणं, अँटेना वाकवणं, स्टेशन हलवून "खराब झालाय वाटतं" म्हणणं. एकदा-दोनदा चालतं. पकडले गेलात की पुढे वर्षभर तुमच्या कुठल्याही रास्त तक्रारीला वजन राहत नाही.

चूक : "मग माझ्या फोनवरून लावू"

ऐकायला बरं वाटतं. पण साठ गाण्यांची प्लेलिस्ट जेमतेम चार तास चालते, म्हणजे रेडिओपेक्षाही लवकर फिरून येते. फरक इतकाच, की आता कंटाळवाणं संगीत तुमच्या नावावर. शिवाय स्ट्रीमिंगची वैयक्तिक खाती खासगी वापरासाठीच असतात. कामाच्या ठिकाणी सर्वांना ऐकवणं त्यांच्या अटींत बसत नाही. अनेक देशांत तर साधा रेडिओ लावायलाही मालकाला परवाना लागतो. हा मुद्दा व्यवस्थापनाकडे नीट विचारण्यासारखा आहे, धमकीसारखा वापरण्यासारखा नाही.

आणि कायद्याच्या बळावर शांतता मिळेल असंही समजू नका. वॉशिंग्टनच्या ट्राम-बसमध्ये रेडिओ ऐकवायचे, त्याविरुद्ध प्रवासी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५२ साली हरले. न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर त्या खटल्यातून बाजूला झाले. कारण त्यांनीच लिहून ठेवलं : या प्रकाराबद्दल आपल्या भावना इतक्या तीव्र आहेत, की आपण स्वतः त्याचे बळी आहोत असं वाटतं. डोक्यात जाणारा रेडिओ ही किरकोळ कुरबुर नाही, याचा इतका वजनदार साक्षीदार दुसरा मिळणार नाही.

चूक : मतदान घेणं

सातजणांना हवा, तिघांना नको, रेडिओ चालू. मतदानाने सातांना काहीच सोडावं लागत नाही आणि तिघांना आठही तास सोसावे लागतात. वर "बहुमताने ठरलंय" म्हणून पुन्हा विषय काढायची सोय राहत नाही. प्रश्न मुळातच चुकीचा विचारलेला असतो. "रेडिओ हवा की नको" याऐवजी "किती वाजता हवा" असं विचारा.

संगीत लावून लोकांकडून काम करून घेणं हाच ज्यांचा धंदा होता, त्यांनीही ते दिवसभर लावलं नव्हतं. बीबीसीने जून १९४० मध्ये युद्धकाळातल्या कारखान्यांसाठी कामगारांचा संगीत कार्यक्रम सुरू केला तो अर्ध्या अर्ध्या तासाचा, दिवसातून दोनदा. पुढे एक लोकप्रिय गाणं त्यातून वगळावं लागलं, कारण त्यात टाळ्या होत्या आणि कामगार हातातलं काम टाकून टाळ्या वाजवायला लागले. ऑफिसांना आणि लिफ्टना पार्श्वसंगीत पुरवणारी म्युझॅक कंपनीही पंधरा मिनिटं संगीत आणि मग पंधरा मिनिटं शांतता असाच क्रम ठेवायची.

तेव्हा मागणी अशी करा : सकाळचे पहिले दोन तास शांत, जेवणानंतर तासभर रेडिओ, आणि रोज वेगळ्या माणसाने स्टेशन निवडायचं. आपली पाळी आली की निवडणाऱ्याच्या जागी तुम्हीही असता. उरलेले दिवस त्यामुळे कितीतरी सुसह्य होतात, कारण बटण आता फिरतं आहे. हे दोन आठवड्यांसाठी करून बघू असं म्हणा. कायमचा बदल मागितला की लोक दचकतात.

घरी जाऊनही धृपद डोक्यात घुमत असेल तर ते जबरदस्तीने हाकलू नका, त्याने ते आणखी पक्कं बसतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की च्युइंगम चघळल्याने डोक्यात अडकलेलं गाणं कमी वेळा वर येतं. मनातल्या मनात गाताना जबडा-जिभेला जी तयारी करावी लागते ती चघळण्यात गुंतून राहते, असं त्यामागचं स्पष्टीकरण. शब्दकोडंही चालेल.

तुमच्या ऑफिसात एखादं अमेरिकी स्टेशन इंटरनेटवरून लागत असेल, तर वाटाघाटी ऑक्टोबर संपायच्या आत उरका. अशी बरीच स्टेशनं नोव्हेंबरच्या मध्यापासून चोवीस तास फक्त ख्रिसमसची गाणी लावतात आणि ती यादी नेहमीच्या यादीपेक्षाही आखूड असते.