जाणत्या गुंतवणूकदाराकडे सल्ल्याला जाण्याआधी

पहिली मालमत्ता घेण्याआधी या क्षेत्रात मुरलेल्या माणसाला भेटायचं ठरवलं असेल, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. ‘पैसे कुठे लावू?’ याला कोणाकडेच नेमकं उत्तर नसतं. त्यापेक्षा विक्रीला असलेली एक मालमत्ता निवडा, स्वतः पाहून या आणि तिचा हिशेब कागदावर मांडून न्या. ती घ्यायचीच नसली तरी हरकत नाही. समोर आकडे असले की जाणता माणूस बरोबर चुकीवर बोट ठेवतो.

हिशेब मात्र पुरा करा, कारण नवखे लोक इथेच फसतात. समजा, किंमत १०० आहे आणि वर्षाचं भाडं ८. ‘आठ टक्के परतावा’ म्हणून खूश होऊ नका. भाडेकरू बदलताना एक महिना जागा रिकामी राहिली, तर हातात ७.३ येतात. कर, विमा, देखभाल आणि डागडुजी यांचे २ वजा केले की उरले ५.३. आता ७५ चं कर्ज २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं, तर वर्षाचे हप्ते होतात ८.१. म्हणजे दरवर्षी जवळपास पावणेतीन खिशातून घालायचे. व्याजदर एका टक्क्याने वाढला तर हप्ते ८.७ वर जातात, तेही त्याच कागदावर खाली लिहा. हे सगळं बघूनही घ्यावीशी वाटत असेल, तर का, तेही दोन ओळींत लिहून ठेवा. ‘किंमत वाढेलच’ एवढंच कारण असेल, तर मला ते पुरेसं वाटत नाही. अमेरिकेत २००६ नंतरच्या काही वर्षांत घरांच्या किमती सरासरी पाव भागाहून जास्त उतरल्या, आणि जपानमध्ये १९९१ नंतर जमिनीचे भाव वर्षानुवर्षं घसरत राहिले. वरच्या हिशेबात तुमचे स्वतःचे २५ आहेत. किंमत पाव भागाने उतरली की ते सगळे गेले, कर्ज मात्र तसंच डोक्यावर. म्हणून भाडं थांबलं तर किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि खर्च भागतील एवढी शिल्लक वेगळी ठेवली आहे का, हे तपासूनच जा.

जागा दोनदा बघा, एकदा पाऊस पडून गेल्यावर. सिंकखालचं कपाट उघडून आतला तळ हाताने चाचपा. सगळं घर जुनं आणि एकाच भिंतीला ताजा रंग दिसला, तर तिच्या पलीकडे न्हाणीघर आहे का ते पाहा. ओल बहुतेक तिथूनच आलेली असते. फोटो काढून आणा. नळ सगळे एकदम सोडून बघा. शेजारी राहणाऱ्याशी दहा मिनिटं बोला, दलाल सोबत नसताना.

कागदपत्रांत मालकीहक्काची साखळी (म्हणजे मालकी आजवर कोणाकडून कोणाकडे गेली), मालमत्तेवर कर्जाचा बोजा किंवा गहाण आहे का त्याची नोंद, आणि सध्याचा भाडेकरार हवा. करार कधी संपतो आणि अनामत कोणाकडे आहे, ते करारात बघा. भाडं खरंच जमा होतं का, हे मालकाच्या बँक खात्याच्या नोंदींवरून बघा, त्याच्या तोंडी सांगण्यावरून नाही. कायद्याचं मत वकिलाचंच घ्या, गुंतवणूकदार कितीही जुना असला तरी.

आता विचारायचे प्रश्न. तुम्ही अलीकडे कोणता व्यवहार नाकारलात आणि का? तुमच्या अंदाजाबाहेर सगळ्यात जास्त खर्च कशावर झाला? भाडेकरू निवडताना काय तपासता? यशाच्या गोष्टी ते आपणहून सांगतातच, त्यासाठी प्रश्न खर्च करू नका. त्यांनी एखादा प्रकल्प, दलाल किंवा कर्ज देणारा सुचवला, तर त्यात त्यांना काही मिळतं का, हे नम्रपणे पण सरळ विचारा. प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही.

पेन न्या, आणि हिशेबातला जो आकडा ते खोडतील, त्याच्या शेजारी त्यांचा आकडा आणि कारण तिथेच लिहून घ्या.