आदर्श वायूचे गणित कुठे चुकते? या चुका टाळा

लातूरमध्ये प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारले, तरी तो आदर्श वायूचे (ज्याच्या रेणूंमधील आकर्षण आणि रेणूंचा स्वतःचा आकार नगण्य मानला आहे अशा वायूचे) समीकरण बिनचूक सांगेल: दाब आणि आकारमान यांचा गुणाकार हा मोलसंख्या (वायूत किती रेणू आहेत याचे माप), वायू स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान (केल्विनमध्ये मोजलेले) यांच्या गुणाकाराएवढा असतो. तरीही उदाहरण सोडवताना उत्तर चुकते. बहुतेक वेळा चूक गुणाकारात नसून शून्य कोठून धरले, यात असते.

समजा, मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघण्यापूर्वी मोटारीच्या टायरमध्ये सकाळी २५ अंश सेल्सिअसला ३२ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, हे दाबाचे एकक) हवा भरली आणि दुपारी तापलेल्या डांबरावर धावून आतली हवा ५५ अंशांवर पोहोचली. टायरचे आकारमान फारसे बदलत नाही असे धरून कोणी २५ आणि ५५ हेच आकडे समीकरणात घातले, तर दाब ७० पीएसआय निघतो, जो उघडच अशक्य आहे. सेल्सिअसचे शून्य पाणी गोठण्यावरून ठरले आहे, त्यामुळे त्या तापमानाला वायूच्या रेणूंची हालचाल मुळीच थांबत नाही. अंशांमध्ये २७३ मिळवून २९८ आणि ३२८ केल्विन घेतल्यास उत्तर ३५ येते. मात्र तेही चूकच आहे, आणि ते पटण्याजोगे दिसत असल्यामुळे मला ही चूक पहिलीपेक्षा अधिक घातक वाटते. पंक्चरच्या दुकानातील मापक बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती जास्त आहे, एवढेच दाखवतो. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथील वातावरणाचा दाब साधारण १४ पीएसआय धरता येतो. तो मिळवून ४६ हा खरा दाब घ्यावा, तापमानाच्या गुणोत्तराने वाढवावा आणि शेवटी १४ पुन्हा वजा करावेत. मापकावर सुमारे ३६.५ दिसेल. (वाढलेला दाब पाहून दुपारीच हवा सोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी टायर मऊ लागतो, तो याच कारणाने.)

एककांची चूक मात्र निव्वळ निष्काळजीपणाची असते. स्थिरांक ८.३१४ घेतला, तर दाब पास्कलमध्ये आणि आकारमान घनमीटरमध्येच हवे. लिटर आणि वातावरण दाब (‘अ‍ॅटमॉस्फिअर’ हे एकक) वापरायचे असतील, तर ०.०८२१ घ्यावा. दाब वाढला की आकारमान त्याच प्रमाणात घटते, हा बॉईलचा १६६२ सालचा नियमही तापमान आणि वायूचे वस्तुमान कायम असतानाच लागू पडतो. सायकलचा पंप भराभर मारल्यावर त्याचे तोंड गरम होते, म्हणजे तेथे पहिली अट मोडलेली असते.

याहून मोठी चूक म्हणजे जे मुळात वायुरूपात नाही, त्यालाही हे समीकरण लावणे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो इंधन असते आणि त्याची धारणक्षमता सुमारे ३३ लिटर असते. हे आकडे समीकरणात घातल्यास ३० अंशांना जवळजवळ दोनशे वातावरण दाब निघतो. प्रत्यक्षात तो दहाच्याही आत असतो, कारण आतील बहुतांश इंधन द्रवरूप असून दाब त्याच्या वरच्या बाष्पाचा असतो. द्रव शिल्लक असेपर्यंत हा दाब मुख्यतः तापमानावर अवलंबून राहतो. त्यामुळे दाबावरून सिलिंडर अर्धा झाला की नाही, हे ठरवता येत नाही. त्यासाठी सिलिंडरचे वजन करावे आणि त्यावर नोंदवलेले रिकाम्या टाकीचे वजन वजा करावे.

कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाची गोष्ट आणखी निराळी आहे. या वायूचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही ते तापमान, सुमारे ३१ अंश आहे. जानेवारीत नांदेडमधील एखाद्या कार्यालयात टांगलेल्या टाकीत द्रव आणि बाष्प दोन्ही असतात, पण मे महिन्याच्या ४२ अंशांत तीच टाकी बाहेर असेल, तर आत द्रव असा वेगळा उरतच नाही. तरीही तो आदर्श वायू झाला, असे समजू नये. क्रांतिक तापमान आणि ७३ वातावरण दाबाच्या आसपासचा दाब मिळून होणाऱ्या क्रांतिक बिंदूवर त्याचे आकारमान आदर्श समीकरणाने काढलेल्या आकारमानाच्या जेमतेम २७ टक्के भरते, कारण इतक्या दाटीत रेणूंमधील आकर्षण आणि त्यांचा स्वतःचा आकार यांकडे दुर्लक्ष करता येत नाही.