ऑडिशनला काम मागायला जाऊ नका

लॉस एंजेलिसला आलो तेव्हा पुरुषोत्तम करंडकाच्या तालमींची शिदोरी सोबत होती, आणि मनात एक समजूत घट्ट बसलेली: ऑडिशन म्हणजे परीक्षा. त्या धास्तीत दोन वर्षं गेली. ती सुटली अमेरिकी नट ब्रायन क्रॅन्स्टन यांची कारकीर्द नीट पाहिल्यावर.

१९८३ पासून त्यांनी दुपारच्या एका मालिकेत काम केलं, मग कितीतरी वर्षं छोट्या भूमिका. १९९८ मध्ये ‘द एक्स-फाइल्स’च्या एका भागात ते पाहुणे कलाकार होते. भूमिकेतला माणूस तिरसट, द्वेषानं भरलेला. गाडी पश्चिमेकडे धावत राहिली नाही तर त्याचा जीव जाणार. तरीही प्रेक्षकाला त्याची कणव वाटायला हवी! तो भाग लिहिणारे विन्स गिलिगन हा नट विसरले नाहीत. पुढे ‘ब्रेकिंग बॅड’साठी त्यांनी हेच नाव धरून ठेवलं. वाहिनीवाले कां-कूं करत होते, कारण त्यांना आठवत होता तो ‘माल्कम इन द मिडल’मधला वेंधळा बाप. गिलिगननी तो जुना भाग त्यांना दाखवला. जानेवारी २००८ मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा क्रॅन्स्टन ५१ वर्षांचे होते. त्या भूमिकेला ४ एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचे मानाचे पुरस्कार, मिळाले.

ते नव्या नटांना सांगतात की ऑडिशनला काम मिळवायला जायचंच नाही. भूमिका करून दाखवायची आणि निघायचं. निवड आपल्या हातात नसते.

पैशाचं आधीच सांगतो. एजंट १० टक्के घेतो, तेही काम मिळाल्यावर. मी सुरुवातीला एकाला आगाऊ पैसे देऊन बसलो, ते गेले. काम मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याच्या दारात थांबू नका. आणि व्हिसावर अभिनयाची परवानगी आहे ना, ते वकिलाकडून पक्कं करून घ्या.

आता बहुतेक ऑडिशन घरूनच, सेल्फ-टेपवर, म्हणजे स्वतःच चित्रित करून पाठवलेल्या व्हिडिओवर. संध्याकाळी साइड्स येतात, म्हणजे प्रसंगाची दोन-तीन पानं. एकदा हॉटेलातला रिसेप्शनिस्ट होता, वाक्यं चार. भिंतीला करडी चादर लावली, फोन तिपाईवर डोळ्यांच्या उंचीला. समोरच्याची वाक्यं वाचायला रूममेटला फोनच्या अगदी शेजारी उभं केलं, म्हणजे नजर भरकटत नाही. मी एकच गोष्ट ठरवली: याची रात्रपाळी संपायला दहा मिनिटं उरलीत. त्यानं ‘वेलकम सर’चा सूरच बदलला. तीन टेक घेतले, एक पाठवला आणि साइड्स फाडून टाकल्या.

ती भूमिका मिळाली नाही. आठ महिन्यांनी त्याच कास्टिंग ऑफिसातून दुसऱ्या मालिकेसाठी मेल आला: रिसेप्शनिस्टची टेप लक्षात आहे, हे करून पाठवाल का? औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट, सहा वाक्यं.