खाडीवर गरवणाऱ्यांसाठी ओंटारियो सरोवरातील सॅमन-ट्रोलिंग

ठाण्या-नवी मुंबईतील कित्येक घरांतले आई-वडील मे-जूनमध्ये मुलांकडे टोरांटो, मिसिसागा, शिकागो किंवा मिलवॉकीला जातात आणि तीन-चार महिने राहून परततात. त्यांपैकी ज्यांना विटाव्याच्या, ऐरोलीच्या किंवा वाशीच्या खाडीवर गरवण्याची सवय आहे, त्यांना तिथे घराच्या जवळच सॅमन आणि ट्राउट असलेले अवाढव्य गोडे पाणी दिसते आणि काठावरून गळ टाकून बसले की उन्हाळ्यात हाती फारसे काही लागत नाही. याचे कारण असे की त्या दिवसांत हे मासे किनाऱ्यापासून दूर, खोल आणि थंड पाण्यात असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणजे चालत्या बोटीमागून ठरावीक खोलीवर आणि ठरावीक वेगाने आमिष ओढत नेणे, म्हणजेच ट्रोलिंग. पुढील माहिती प्रामुख्याने टोरांटो-मिसिसागाकडचे ओंटारियो सरोवर डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे, परंतु शिकागो-मिलवॉकीकडच्या मिशिगन सरोवरातही तंत्र हेच चालते.

प्रथम आकाराचा अंदाज घ्यावा. ओंटारियो सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे 18,960 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या चौपटीहून अधिक, आणि त्याची कमाल खोली 244 मीटर आहे. आपल्याकडे खाडीवर जाणारा माणूस पंचांग पाहून निघतो: तिथीला तीनने गुणून चाराने भागले की भरतीची वेळ साधारण कळते, उधाण आहे की भांग यावरून पाण्याची ओढ कळते, आणि कोणत्या खडकाच्या आडोशाला जिताडा उभा असेल याचाही अंदाज बांधता येतो. तिथे यातील काहीही उपयोगी पडत नाही, कारण या सरोवरांतील भरती-ओहोटीचा फरक पाच सेंटीमीटरही नसतो. तिथे पंचांगाची जागा थर्मामीटर आणि वाऱ्याची दिशा घेतात. म्हणून आधी योग्य तापमानाची खोली, मग वेग आणि सर्वांत शेवटी आमिष, हा क्रम पाळावा. नवशिके नेमके उलट्या क्रमाने विचार करतात आणि दुकानात रंगीबेरंगी स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराची धातूची आमिषे, निवडण्यात सकाळ घालवतात.

चिनूक आणि कोहो हे तिथले मुख्य सॅमन मूळचे पॅसिफिक महासागराकडचे आहेत. एलवाइफ नावाचा लहान मासा या सरोवरांत बेसुमार वाढल्यावर मिशिगन राज्याने 1966 मध्ये कोहो आणि 1967 मध्ये चिनूक सोडण्यास सुरुवात केली आणि पुढे इतर सरोवरांतही ते सोडले गेले. चिनूक आजही मुख्यतः एलवाइफवरच जगतो. त्यामुळे मासे शोधण्याच्या सोनार पडद्यावर चाऱ्याच्या लहान माशांचे दाट पुंजके दिसले, तर तेथून घाईने पुढे जाऊ नये.

आता तापमानाविषयी. पाणी 4 अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे उन्हाळ्यात सरोवराचे थर पडतात: वर 18 ते 22 अंशांचे कोमट पाणी, तळाशी 4 ते 6 अंशांचे गार पाणी आणि या दोहोंच्या मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पट्टा, ज्याला थर्मोक्लाइन म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये हा पट्टा बहुधा 15 ते 25 मीटरच्या आसपास सापडतो, पण तो रोज त्याच जागी असेलच असे नाही. चिनूकला साधारण 10 ते 13 अंशांचे पाणी मानवते. रेनबो ट्राउट, ज्याला तिकडे स्टीलहेड म्हणतात, तो 13 ते 16 अंशांत, म्हणजे अधिक वर असतो. ब्राउन ट्राउट त्याहून किंचित उबदार पाणीही सहन करतो. आणि लेक ट्राउट 7 ते 10 अंशांत, पुष्कळदा तळालगत राहतो. म्हणजे एकाच जागी बोट असताना निव्वळ खोली बदलून वेगवेगळे मासे लागू शकतात. ट्रोलिंगच्या बोटींवर खोल सोडलेल्या वजनापाशी तापमान आणि वेग मोजणारे उपकरण असते. ते नसेल तर सोनारची संवेदनशीलता वाढवून पाहावी. थर्मोक्लाइन पडद्यावर धुरकट आडव्या पट्ट्यासारखी दिसते.

वारा या थरांची उलथापालथ करतो. पश्चिमेकडचा जोरदार वारा एक-दोन दिवस टिकला की ओंटारियोच्या उत्तर किनाऱ्यावरील, म्हणजे टोरांटोच्या बाजूचे, कोमट पाणी आत ढकलले जाते आणि त्याच्या जागी खालचे गार पाणी वर येते. काल 20 अंशांचे असलेले किनाऱ्याजवळचे पाणी आज 9 अंशांवर आलेले आढळते आणि काल 25 मीटरवर लागलेला मासा आज त्याच्या निम्म्या खोलीवर असतो. म्हणून बोटीवर जाण्यापूर्वी आदल्या दोन दिवसांचा वारा पाहून ठेवावा. हवामानाच्या अंदाजात पाऊस किती आहे यापेक्षा हे अधिक महत्त्वाचे आहे.

हंगामही लक्षात घ्यावा. एप्रिल-मेमध्ये उथळ पाणी आधी तापते, त्यामुळे ब्राउन ट्राउट आणि कोहो किनाऱ्यालगत सापडतात. जून-जुलैत बहुतेक मासे खोल पाण्याकडे सरकतात. ऑगस्टच्या मध्यापासून पूर्ण वाढलेले चिनूक नद्यांच्या मुखांपाशी गोळा होऊ लागतात. मिसिसागात क्रेडिट नदीच्या मुखावरील पोर्ट क्रेडिटला या दिवसांत बोटींची गर्दी उसळते. मुलांकडे जाण्याच्या तारखा आपल्या हाती असतील, तर ऑगस्टचा उत्तरार्ध त्यात बसवावा.

आमिष खोल नेण्याची साधने अनेक आहेत, त्यांतील डाउनरिगर नीट समजून घेतला पाहिजे. बोटीच्या मागच्या कडेला बसवलेल्या या चरखीवर पोलादी केबल असते आणि केबलच्या टोकाला साडेचार ते साडेपाच किलोंचा शिशाचा गोळा. प्रथम आमिष बोटीच्या कडेने पाण्यात धरून ते नीट डोलते आहे का हे पाहावे, मग पाच ते दहा मीटर दोरी मागे सोडावी, दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवावी आणि रीलचा ब्रेक सैल ठेवून गोळा हळूहळू खाली न्यावा. हव्या त्या खोलीवर गोळा थांबला की रॉड खाचेत ठेवून दोरी इतकी ताणावी की रॉड कमानीसारखा वाकलेला राहील. मासा लागला की चिमटा सुटतो, रॉड क्षणभर ताडकन सरळ होतो आणि पुन्हा खाली वाकतो. मोजपट्टीवर 30 मीटर दिसले तरी गोळा पाण्याच्या विरोधामुळे मागे रेललेला असतो, म्हणजे खरी खोली त्याहून कमी असते. हा फरक मनात धरूनच खोली ठरवावी.

दुसरे साधन म्हणजे डायव्हर, दोरीला बांधायची एक चकती, जी ओढली की पाण्यात खाली आणि बाजूला सरकते. सोडलेल्या दोरीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत खोली मिळते असा ढोबळ हिशेब धरावा. यासाठी न ताणणारी विणलेली दोरी वापरावी, कारण आपल्या नेहमीच्या तंगुसाची लवचीकता झटका गिळून टाकते आणि चकतीची कळ सुटत नाही. शिशाचा गाभा असलेली दोरीही वापरतात. तिचा रंग दर 10 यार्डांनी बदलतो आणि मध्यम वेगात प्रत्येक रंगामागे ती साधारण दीड मीटर खाली जाते. नवशिक्याने दोन डाउनरिगर मध्ये आणि दोन डायव्हर दोन्ही बाजूंना, एवढ्या चार दोऱ्यांवर समाधान मानावे. पाचवी दोरी गुंता आणते.

वेगाच्या बाबतीत तिथले लोक फार काटेकोर असतात आणि ते योग्यच आहे. चिनूकसाठी ताशी साडेतीन ते साडेचार किलोमीटर, लेक ट्राउटसाठी अडीच ते साडेतीन, आणि कोहो किंवा स्टीलहेडसाठी पाचपर्यंत, असे साधारण प्रमाण आहे. ताशी चार किलोमीटर म्हणजे तलावपाळीवर संध्याकाळी रमतगमत फिरणाऱ्यांची चाल. हा वेग डोळ्यांत बसवण्याचा उत्तम उपाय ठाण्यात बसूनही करता येतो: घोडबंदर रस्त्यावरच्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांत पोहण्याचा तलाव असतो; सेक्रेटरींची परवानगी काढून, गळ काढून टाकलेला स्पून दोन-तीन मीटर दोरीला बांधावा आणि मोबाइलवर वेग पाहत तलावाच्या कडेने चालत तो पाण्यातून ओढावा. ताशी अडीचला स्पून आळसावलेला, नुसता कलंडत येतो. चारच्या आसपास तो एका लयीत डावी-उजवीकडे डोलतो आणि प्रत्येक डोलाबरोबर चमक मारतो. वेग फारच वाढवला की ही लय मोडते आणि तो स्वतःभोवती गिरकी घेऊन दोरीला पीळ घालू लागतो. प्रत्येक स्पूनचा हा टप्पा थोडा वेगळा असतो. दहा मिनिटांच्या या चालण्याने जे कळते ते वर्णन वाचून कळत नाही. लहान मुले मागे लागतात, त्याला इलाज नाही.

बोटीवर मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जीपीएसवर दिसणारा वेग जमिनीच्या संदर्भातील असतो, आणि माशाला जाणवतो तो आमिषाचा पाण्यातील वेग. पृष्ठभागावर शांतता असली तरी 25 मीटर खाली प्रवाह असू शकतो. डाउनरिगरच्या केबलचा कोन पाहणे ही यावरची सोपी युक्ती आहे: जीपीएसचा वेग तोच असूनही एका दिशेने जाताना केबल अधिक मागे रेलत असेल, तर खाली प्रवाह समोरून येत आहे आणि आमिष प्रत्यक्षात वेगाने पळत आहे. मासा लागला तेव्हाचा कोन लक्षात ठेवावा आणि बोट उलट फिरवल्यावर इंजिन कमी-जास्त करून तोच कोन साधावा. तसेच बोट सरळ रेषेत न नेता रुंद नागमोडी वळणे घ्यावीत. वळणात आतल्या बाजूची आमिषे मंदावून खाली जातात, बाहेरची वेग घेऊन वर येतात. बाहेरच्या दोरीला मासा लागला तर वेग थोडा वाढवावा, आतल्या दोरीला लागला तर कमी करावा.

आमिषांत नऊ ते बारा सेंटीमीटरचे धातूचे स्पून, आणि फ्लॅशर व फ्लाय ही जोडी, एवढे पुरे. फ्लॅशर ही गोल फिरणारी लांबट चकाकती पट्टी असते, तिच्या मागे 50 ते 75 सेंटीमीटरवर झालरीचे फ्लाय बांधतात. पहाटेच्या अंधारात, बॅटरीने उजळवून घेतलेली, अंधारात चमकणारी आमिषे लावावीत. ऊन चढले की चंदेरी, निळी किंवा हिरवी. रंगाबद्दल याहून अधिक वाद तिथल्या धक्क्यांवर भरपूर ऐकायला मिळतील.

मासा लागल्यावर खाडीवरची सवय थोडी आवरावी लागते. हातदोरीने गरवणारा माणूस टोचणी जाणवताच हिसका देतो. इथे चालत्या बोटीने आणि चिमट्याच्या ताणाने गळ बहुधा आधीच रुतलेला असतो, त्यामुळे रॉड उचलून वजन जाणवेपर्यंत भराभर दोरी गुंडाळावी, एवढेच करायचे असते. आठ-दहा किलोंचा चिनूक पहिल्याच धावेत शंभर मीटर दोरी सहज काढतो. रीलचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ठेवावा आणि माशाला पळू द्यावे. जिताडा उडी मारताना दोरी ढिली पडली तर काय होते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना स्टीलहेडबद्दल वेगळे सांगायला नको. बोट थांबवू नये, फक्त मंद करावी, नाहीतर बाकीच्या दोऱ्या बुडून एकमेकींत अडकतात. जाळी माशाच्या डोक्याकडून घालावी.

पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वतःची किंवा भाड्याची छोटी बोट काढू नये, परवानाधारक चार्टर बोट, म्हणजे चालकासह भाड्याने मिळणारी बोट, घ्यावी. ओंटारियो प्रांतात मासेमारीच्या परवान्याची 65 वर्षांवरील सवलत कॅनडाच्या रहिवाशांसाठी आहे, भेटीला आलेल्या आजी-आजोबांसाठी नाही; त्यांना परवाना घ्यावाच लागतो. सरोवराच्या मधून आंतरराष्ट्रीय सीमा जाते आणि ओंटारियोचा परवाना पलीकडच्या अमेरिकी पाण्यात चालत नाही. सरोवराच्या ओंटारियोकडील पाण्यात बोटीवरून एका माणसाला दोन दोऱ्या लावता येतात. ठेवता येणाऱ्या माशांची संख्या त्या वर्षीच्या नियमांत पाहावी. ठाण्यात ऑगस्टमध्ये घामाने भिजणाऱ्याला पटत नाही, पण पहाटे पाचला सरोवरावर जॅकेट आणि कानटोपी लागते. पाण्यात पडल्यास गारठ्याने श्वासच अडकतो, म्हणून लाइफ जॅकेट अंगावर असावे, बाकाखाली नव्हे. बोट लागण्याची सवय असेल तर गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी.

मासा घरी नेल्यावर आणखी एक काळजी घ्यावी. या सरोवरांतील मोठ्या, वयस्क माशांच्या चरबीत पीसीबीसारखी रसायने आणि मांसात पारा साठलेला असतो, आणि कोणता मासा किती आकाराचा असल्यास महिन्यातून किती वेळा खावा याचे सरकारी मार्गदर्शन प्रसिद्ध होत असते. लहान मासे खाण्यासाठी ठेवावेत आणि मोठे सोडून द्यावेत. तुकड्या करताना कातडी, पोटाकडची चरबी आणि कुशीवरून जाणारा गडद पट्टा काढून टाकावा. सॅमन रावसापेक्षा बराच तेलकट असतो, त्यामुळे आगळ-मसाला लावून तव्यावर टाकताना तेल निम्मेच घ्यावे. पारा मात्र चरबी काढल्याने कमी होत नाही, म्हणून गरोदर सुनेच्या किंवा लहान नातवंडांच्या ताटात वाढण्यापूर्वी ते मार्गदर्शन मुलाकडून एकदा वाचून घ्यावे.