पिठ्या ढेकणावर प्रबंध करणार असाल तर

कीटकशास्त्रात एम.एस्सी. करताना खवले किडींचा विषय सहसा कुणी मागून घेत नाही. मादी उडत नाही, तिला पंखच नसतात, फोटोतही नुसतं पीठ सांडल्यासारखं दिसतं. मी त्यांतलाच कपाशीवरचा पिठ्या ढेकूण घेतला, शास्त्रीय नाव फेनाकॉकस सोलेनॉप्सिस. 2005 नंतरच्या हंगामांत या किडीने भारतातल्या कपाशी उत्पादकांची झोप उडवली होती.

आधी नाव पक्कं करा. पाठीवरचे काळे ठिपके बघून शेतातच नाव सांगणारे पुष्कळ भेटतील. अंदाजापुरतं ते ठीक, प्रबंधात चालणार नाही. पूर्ण वाढलेली मादी लागते, पिल्लं किंवा नर नाही. ती अल्कोहोलमध्ये ठेवायची, मग पोटॅशियम हायड्रॉक्साईडमध्ये आतला भाग विरघळवून कातडी साफ करायची, ऍसिड फुक्सिनने रंगवायची, लवंग तेलातून काढून काचपट्टीवर कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत बसवायची. घाई केली की कातडी फाटते. सूक्ष्मदर्शकाखाली शरीराच्या कडेने सेरारीच्या (बारीक काट्यांच्या पुंजक्यांच्या) 18 जोड्या, शृंगिकेचे भाग, आणि मुख्य म्हणजे पोटाकडच्या मल्टिलोक्युलर, म्हणजे अनेक कप्प्यांच्या, छिद्रांची संख्या आणि पसारा बघायचा. जवळच्या फेनाकॉकस सोलानीपासून ती इथेच वेगळी काढता येते. 2008 मध्ये हॉजसन आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तान आणि भारतातल्या नमुन्यांवरून या जातीचं नव्याने वर्णन केलं, तेव्हा ऋतूनुसार तिची ठेवण बदलते हेही मांडलं. म्हणून एकाच महिन्याचे नमुने पुरत नाहीत. चिठ्ठीवर झाड, गाव आणि तारीख पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

आता शेत. टिन्सली यांनी 1898 मध्ये या जातीचं पहिलं वर्णन केलं ते न्यू मेक्सिकोतल्या नमुन्यांवरून, आणि ते सोलेनॉप्सिस मुंग्यांच्या वारुळात सापडले होते. मुंग्यांशी हे नातं आपल्याकडेही आहे: ढेकणाचा गोड चिकटा त्या खातात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. म्हणून मुंग्यांची नोंद सोडू नका. तसंच कपाशीत जाण्याआधी बांधावर फिरा. गाजरगवत आणि पेटारीवर ही कीड हंगामाबाहेरही तग धरते. माझ्या मते सर्वेक्षणाचा निम्मा वेळ तणांना द्यायला हवा, मार्गदर्शक काही म्हणोत.

पांढरं दिसलं की मोजायचं, असंही नाही. क्रिप्टोलिमस या भुंगेऱ्याच्या अळ्या मेणाच्या झालरीमुळे हुबेहूब पिठ्या ढेकणासारख्या दिसतात, फक्त चपळ असतात आणि ढेकूणच खातात. काडीने हळूच डिवचून बघा.

तपकिरी, टणक, फुगलेल्या ममी, म्हणजे आत परजीवी वाढून मेलेले ढेकूण, दिसल्या तर ते काम एनासियस माशीचं. गांधीलमाशीच्या गणातली ही परजीवी माशी 2009 मध्ये भारतातून एनासियस बंबावालेई या नावाने वर्णिली गेली, पुढे ती आधीच नोंदलेली एनासियस ॲरिझोनेन्सिस ठरली. जुने शोधनिबंध वाचताना दोन्ही नावं शोधा. ममी कापसाचा बोळा लावलेल्या काचनळीत ठेवा, माश्या बाहेर आल्या की त्या वेगळ्या जपा. भोक पडलेल्या आणि न पडलेल्या ममी वहीत वेगवेगळ्या रकान्यांत मोजा. आणि शेतकऱ्याला आधीच विचारून घ्या, फवारणी कधी झाली आणि कशाची.